शिंदी, गुत्ता, आबकारी: नांदेड-लातूरकडच्या दारूच्या जुन्या शब्दांची प्रस्तावना

उसाचा हंगाम सुरू झाला की लातूरकडे दोन शेतकरी भेटताच विचारतात, "एकरी किती टन पडला?" हा टन दारूच्या पिंपातून निघालेला शब्द आहे. मध्ययुगीन इंग्लंडात वाइनच्या सर्वांत थोरल्या लाकडी पिंपाला टन म्हणत. त्यात 252 गॅलन वाइन मावायची आणि भरलेल्या पिंपाचे वजन दोन हजार पौंडांच्या पुढे जायचे. फ्रान्सहून वाइन आणणारे जहाज केवढे, तर त्यात इतकी पिंपे बसतात एवढे, असा हिशेब असे. पिंपावरून जहाजाचे माप ठरले, त्यावरून वजन आले, आणि पुढे पिंप आणि वाइन दोन्ही मागे पडून नुसते वजन उरले. गळ्यात तुळशीची माळ घातलेला शेतकरीही कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उभा राहून हा शब्द उच्चारतो. दारूच्या शब्दांचा संग्रह करायला घेतला तेव्हा "असले शब्द कशाला गोळा करता?" असे अनेकांनी विचारले. त्यांना मी टनाची ही गोष्ट सांगत असे.

इंग्रजांनी आपल्या दारूचे शब्द हजार-बाराशे वर्षांपासून लिहून ठेवले आहेत, आणि त्यांतून त्या समाजाचा इतिहास वाचता येतो. जुन्या इंग्रजीत जवाच्या पेयाला 'एआलु' (आजची एल) आणि मधाच्या पेयाला 'मेदु' म्हणत. हा मेदु आणि आपला मधु एकाच मुळातून फुटलेले आहेत. द्राक्षाच्या दारूचा शब्द मात्र त्यांना लॅटिनमधून घ्यावा लागला, कारण त्या थंड मुलखात द्राक्ष फारसे पिकत नव्हते. 1066 मध्ये नॉर्मन राज्य आले आणि वाइन सांभाळणाऱ्या नोकराला फ्रेंच नाव मिळाले. बाटलीवरून आलेले ते नाव म्हणजे आजचा बटलर. लग्नात पाजायच्या एलला 'नवरीची एल' म्हणत, त्यातून 'ब्रायडल' तयार झाला. आज नांदेडच्या ब्युटी पार्लरवर 'ब्रायडल मेकअप'ची पाटी असते, तिच्यात त्या जुन्या लग्नातली दारूची पंगत लपलेली आहे. घरचे काय होते, बाहेरून काय आले, राज्य कोणाचे होते, एवढे सगळे या पाच-सहा शब्दांवरून कळते.

नांदेड आणि लातूरचे शब्द याच नजरेने पाहिले तर हाती अधिक लागते, कारण या भूमीवर भाषांची दाटी मोठी. किनवट, धर्माबाद, बिलोली, देगलूर या बाजूला तेलुगू. उदगीर, निलंगा, देवणी या बाजूला कन्नड. डोक्यावर दोन शतकांहून अधिक काळ हैदराबादचे राज्य, त्याची कारभाराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू. 1956 नंतर मुंबईचा कायदा आणि त्याची इंग्रजी. दारू हा सरकारचा उत्पन्नाचा विषय असल्यामुळे जो जो राज्यावर आला त्याने आपला शब्द दारूवर बसवला. झाड, फूल, मडके, गुळाचा वास यांचे शब्द मात्र जमिनीवरचेच राहिले.

गुत्ता या शब्दापासून सुरुवात करतो. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला गुत्ता म्हटले की दारूचा अड्डा आठवतो. नांदेडला गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार. रस्ता, पूल, शाळेची खोली, पाणंद, काहीही बांधणारा गुत्तेदारच. "आमचा थोरला गुत्तेदारी करतो" असे इकडचा बाप अभिमानाने सांगतो आणि पश्चिम महाराष्ट्रातला पाहुणा चमकून बघतो. तेलुगूत गुत्त आणि कन्नडात गुत्तिगे म्हणजे मक्ता, ठेका. दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावात काढी, बोली लावून तो घेणारा गुत्तेदार, आणि त्याच्या गुत्त्याची जागा तो गुत्ता. इतरत्र या शब्दाचा फक्त दारूचा अर्थ टिकला. मराठवाड्यात मूळ अर्थ शाबूत आहे, कारण ज्या भाषांनी तो दिला त्या शेजारीच नांदत आहेत.

या शब्दात एक व्यवस्था दडलेली आहे आणि ती समजल्याशिवाय पुढचे शब्द नीट कळत नाहीत. ज्याने सर्वांत मोठी बोली लावून पैसे आधीच भरले, त्याला ते मुदतीच्या आत वसूल करायचे असत. म्हणजे दारू जितकी खपेल तितके बरे. पिणाऱ्याला उधारी द्यायची, सुगीवर धान्य घ्यायचे, मजुरीच्या दिवशी दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवायचे, हे सगळे त्या बोलीतूनच आले. गावात दारू वाढली याचा दोष पिणाऱ्याच्या चारित्र्याला देऊन मोकळे होण्याआधी गुत्ता हा शब्द एकदा उलगडून पाहावा असे मला मनापासून वाटते.

आता शिंदी. झाडाचे नाव शिंदी आणि त्याच्या रसाचेही शिंदी. हैदराबादेत तिला सेंधी म्हणत, तेलुगूत या झाडाला ईत म्हणतात आणि रसाला कल्लू. हा रानखजूर नाल्याकाठी, पाणथळ जागी आपोआप वाढतो. ताडाचा रस फुलोऱ्यातून काढतात, शिंदीचा मात्र खोडातून. शेंड्याखालची पाने सोलून तिथे छेद द्यायचा, खाली मडके बांधायचे. एका वर्षी एका बाजूने छेद दिला की पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने. त्यामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि खाचा मोजल्या की त्या झाडाने किती हंगाम रस दिला ते कळते. रात्री मडक्यात जमलेला रस पहाटे गोड असतो, ती नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर गोडी थोडी अधिक टिकते. ऊन चढले की फेस येतो, दुपारी तो आंबट होतो आणि मग ती शिंदी. एकाच मडक्यातल्या रसाला सकाळी एक नाव आणि दुपारी दुसरे, आणि कायद्याच्या लेखी तर दोघींत जमीन-अस्मानाचे अंतर.

याच झाडाच्या पात्यांची केरसुणी होते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मीच म्हणतात, पाय लागला तर नमस्कार करतात. ज्या झाडाच्या रसाचे नाव घरात उच्चारायचे नाही, त्याच झाडाचे पान देवघरात पुजले जाते. म्हणून या संग्रहात शिंदीच्या नोंदीखाली केरसुणीही घेतली आहे. केरसुणी दारूचा शब्द नाही हे खरे, पण झाड एकच आहे, आणि रस काढणारे व केरसुणी बांधणारे हात गरिबांचेच आहेत.

निजामाच्या राज्यात शिंदीच्या झाडाला छेद द्यायचा तर सरकारचा परवाना लागे. आबकारी हा त्या राज्याच्या उत्पन्नाचा एक मोठा झरा होता. त्यामुळेच 1947 मध्ये भारतात सामील होण्याचे आंदोलन पेटले तेव्हा हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके आणि शिंदीची झाडे, या दोन्हींवर हात टाकला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यात रात्री कुऱ्हाडी घेऊन शिंदीची बने तोडणे हा सत्याग्रहाचा एक रीतसर प्रकार होता. त्या पिढीतल्या लोकांच्या बोलण्यात "शिंदी तोडली" म्हणजे लढ्यात भाग घेतला असाच अर्थ असे. कराच्या मुळावर घाव घालायचा आणि त्याच घावाने दारूही हटवायची, असा दुहेरी हिशेब त्यात होता. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ज्या घरांचे पोट त्या झाडावर होते त्यांना तो घाव कसा लागला असेल, याविषयी मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत मला फारसे वाचायला मिळाले नाही. शिंदी काढणाऱ्यांचे शब्द गोळा करताना ही उणीव फार जाणवते.

आबकारी हा शब्द फारसी आहे. आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम. हैदराबाद संस्थानाचा आबकारी कायदा फसली 1316 चा, म्हणजे इसवी सनाच्या 1906-07 चा. आज सरकारी पाटीवर 'राज्य उत्पादन शुल्क विभाग' असे लिहिलेले असते, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून आबकारीच आहे. दारू हाही फारसीच शब्द. त्याचा मूळ अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे. पुढे बंदुकीच्या भुकटीलाही दारूच म्हणू लागले, म्हणून लग्नात शोभेची दारू उडते आणि किल्ल्यावर दारूगोळ्याचे कोठार असते. अर्क अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ घाम. भट्टीवर मडके तापते, वाफ वर जाते, गार भांड्याला लागून थेंब थेंब सुटतो, तो घामासारखा दिसतो म्हणून हे नाव. इंग्रजांनी याच अर्काचे 'अॅरॅक' केले आणि ताडीचे 'टॉडी'. स्कॉटलंडमध्ये तर व्हिस्कीत गरम पाणी आणि साखर घालून केलेल्या पेयाला टॉडी म्हणू लागले. दारूचे शब्द इंग्रजांनी आपल्याला दिले तसे नेलेही आहेत.

कलाल हा शब्द या सर्वांहून जुना. संस्कृतातल्या 'कल्यपाल'पासून तो आला, दारू गाळणारा आणि विकणारा असा त्याचा अर्थ. तेलुगू बाजूला शिंदी-ताडी काढणारे आणि विकणारे गौड. या नावांविषयी शेवटी बोलतो.

संस्कृत स्मृतिग्रंथांत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत. गौडी गुळाची, पैष्टी पिठाची, माध्वी मधाची किंवा मोहाच्या फुलांची. निषेधासाठी केलेली ही यादी, पण वर्गीकरण इतके नेमके की आजही तंतोतंत लागू पडते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे, दुकाने कुठे असावीत आणि कोणाला किती द्यावी याचे नियम आहेत, आंबवणाऱ्या द्रव्याला किण्व असा शब्द आहे, आणि द्राक्षाच्या मद्याला मधु म्हणून ते कापिशी आणि हारहूर या दूरच्या देशांच्या नावाने ओळखले जाते असेही सांगितले आहे. म्हणजे द्राक्षाची दारू तेव्हाही परदेशी नावानेच मिरवत होती.

आता नांदेड-लातूरच्या नकाशावर त्या तीन सुरा मांडून पाहा. किनवट आणि माहूरच्या जंगलात मोह आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बाया-पोरे टोपल्या घेऊन वेचायला निघतात. वाळवलेले फूल भाकरीत घालतात, गुरांना चारतात, विकतात, आणि भिजवून आंबवतात. भिजत घातलेल्या फुलाला सडवा म्हणतात. गोंड घरांत जन्मापासून मरणापर्यंत मोहाच्या दारूला विधीत जागा आहे, आधी थेंब देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. त्या दारूचे आणि नाक्यावरच्या दुकानातल्या दारूचे शब्द एकाच नोंदीत घालणे मला पटले नाही, म्हणून मोहाचा विभाग वेगळा ठेवला आहे.

गुळाची सुरा लातूरच्या उसात आहे. साखर काढून झाल्यावर जो काळा, दाट पाक उरतो त्याला मळी म्हणतात. मांजरा खोऱ्यात ऊस वाढला, कारखाने उभे राहिले, आणि मळी हा शब्द शेतकऱ्याच्या घरात आला. तिच्यापासून मद्यार्क, मद्यार्कापासून सरकारमान्य देशी. अलीकडे मळी म्हटले की इथेनॉलची चर्चा होते. मद्यार्क हा शब्द घडवणाऱ्याने संस्कृत मद्य आणि अरबी अर्क एकत्र बांधले, आणि तो सरकारी शब्द असूनही मला आवडतो. पिठाची सुराही परत आली. 2007 मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या प्रकल्पांना सवलती देण्याचे धोरण आणले, तेव्हा ज्वारीची भाकरी की ज्वारीची दारू असा वाद पेटला. पैष्टी हा शब्द कोणालाच आठवला नाही, वाद मात्र तिचाच होता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादच्या आबकारीची जागा पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने घेतली. त्या कायद्याने दारू बंद केली आणि परवाना असलेल्याला पिण्याची मुभा ठेवली. परमिट रूम हा शब्द तिथला. आज कोणी खिशात परवाना घेऊन आत जात नाही, पण ठिकठिकाणी ती पाटी आहे. वाइन शॉपचेही तसेच. तिथे बहुतेक गिऱ्हाइक व्हिस्की आणि रम घ्यायला येते, वाइन क्वचितच खपते. आपल्याकडे वाइन म्हणजे विलायती दारू, एवढाच अर्थ लोकांनी घेतला. त्यामुळे जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याच्या द्राक्षाची आहे, असे सांगितले जाऊ लागले, तेव्हा गावातल्या बायांना ते पटेना. त्यांच्या लेखी वाइन शॉप कुठे आहे आणि तिथून काय येते हे स्पष्ट होते. शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार ज्यांनी तो शब्द भोगला त्यांना आहे, आणि या बाबतीत मी त्या बायांच्या बाजूने आहे.

त्यांचे शब्द हा या संग्रहाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. पुरुषांकडे दारूचे शब्द मापाचे आणि मौजेचे असतात. चपटी, नाइंटी, क्वार्टर, खंबा, चकणा, पहिल्या धारेची. हातभट्टीचे शब्द पोलिसांच्या पत्रकांतून रोज छापून येतात. काळा गूळ, नवसागर, रसायन, रबरी ट्यूब, फुगा. बायकांकडे मात्र दारू हा शब्दच कमी येतो. "मालक घेतात" एवढ्यात सगळे आले. "पेऊन आले", "पेलेत", "त्यांना सवय हाय". ज्या क्रियापदाला कर्म नाही त्याचे कर्म सगळ्या गावाला ठाऊक असते. व्याकरणाच्या पुस्तकात 'घेणे' सकर्मक आहे. उदगीर-जळकोटच्या ओसरीवर ते तसे राहिलेले नाही. या वापराला संग्रहात मी सविस्तर नोंद दिली आहे, कारण इतके थोडे बोलून इतके मोठे दुःख सांगणारा दुसरा शब्दप्रयोग मला या विषयात सापडला नाही.

आणि याच बायांनी अलीकडे एक नवा शब्द रुळवला, आडवी बाटली. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही यावर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवी जिंकायला मात्र पडलेल्या मतांत जास्त मते मिळून भागत नाही. नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतून बाया ऊसतोडीला परमुलखात जातात, यादीत नाव असते आणि त्या दिवशी गावात नसतात. त्यांचे न पडलेले मत दुकान चालू ठेवण्याच्या पारड्यात जाते. तरीही गावोगाव बायांनी ही निवडणूक लढवली, आणि "बाटली आडवी केली" हा वाक्प्रचार मराठीला दिला. भाषेत भर घालण्याचे हे काम कोणत्याही परिभाषा समितीपेक्षा मोठे आहे असे मी मानतो.

आता कलाल, गौड यांसारख्या नावांविषयी. ही व्यवसायाची नावे पुढे जातीची झाली आणि काही तोंडांत शिवीसारखी वापरली गेली. हातभट्टीच्या बातम्यांतही एखाद्या तांड्याचे किंवा वस्तीचे नाव असे काही छापले जाते की तिथे राहणारे सगळेच दारू गाळतात असे वाटावे. शब्द गाळणे इतिहासाला धरून होणार नाही आणि जसाच्या तसा देणे माणसांवर अन्याय होईल, अशी ही जागा आहे. मी असे केले आहे: व्यवसायाचे मूळ नाव आणि त्या कामातली कसबाची परिभाषा पूर्ण दिली आहे, कारण उंच शिंदीवर चढून खोडाला नेमका किती खोल छेद द्यायचा हे ज्ञान पिढ्यांचे आहे आणि ते नोंदवले गेलेच पाहिजे. जातीवरून हिणवण्यासाठी वापरलेले अर्थ आणि त्यांवर बेतलेल्या म्हणी मात्र संग्रहात घेतलेल्या नाहीत. तशा म्हणी मला ऐकायला मिळाल्या, वहीत उतरवल्या गेल्या, आणि छपाईला देताना मी त्या काढल्या.

नोंदींत आधी बोलण्यातला उच्चार, मग अर्थ, मग तो शब्द कोणत्या तालुक्यात ऐकला ते दिले आहे. तेलुगू आणि कन्नड मूळ जिथे निश्चित आहे तिथेच सांगितले आहे. किनवट आणि देगलूरकडच्या शिंदी काढणाऱ्यांकडे अजून शब्द निघतील. ते काम आता म्हाताऱ्या हातांत उरले आहे, आणि पुढच्या आवृत्तीसाठी पहिल्यांदा तिकडेच जायचे ठरवले आहे.